तोटीवरची टोपी

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे. ती माफी मागते. काही चुकलं म्हणून नव्हे, नुसतीच मागते. वाऱ्याने दार आपटलं की "सॉरी". मी शिंकले की "सॉरी, मॅम". एकदा माझ्या स्वयंपाकघरात ती खुर्चीला अडखळली आणि चक्क खुर्चीला सॉरी म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलंय. ट्रीना तिचं नाव, माहेर कॅरोलायनाचं. तिकडे म्हणे पाळण्यातल्या पोरालाही मोठ्यांना मॅम म्हणायला शिकवतात. आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात असलं काही नाही. इथे माणूस चुकला तर मुकाट्याने कामाला लागतो, आणि चुकला नसेल तर मान ताठ ठेवतो. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाची माफी मागितलेली नाही. माझ्या नवऱ्याची, ॲल्व्हाचीही नाही, आणि तो काही कमी कटकट्या नव्हता.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. या मार्चपर्यंत.

दुसरी खोड म्हणजे घड्या घालण्याची. दिसेल ते कापड ती चौकोनी घडी करून ठेवते. भांडी पुसायचं फडकं, माझे पायमोजे, मर्टनने खिशातून काढून टाकलेला रुमालसुद्धा. मर्टन माझा धाकटा दीर, शेजारच्याच टेकडीवर राहतो. तो रुमाल त्याने उचलून दिव्यासमोर धरून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, हा माझाच आहे का? माझ्या रुमालाला कोपरे असतात हे मला माहीतच नव्हतं."

दरवर्षी मार्चमध्ये माझ्या नातीच्या, मेब्रीच्या शाळेला वसंताची सुट्टी पडते. त्या आठवड्यात बाकीचे लोक पोरांना घेऊन समुद्रावर जातात. माझा मुलगा रॉयस बायको आणि पोरीला गाडीत घालून दोन दिवसांची वाट करून उत्तरेकडे येतो, बर्फात आणि चिखलात. कारण तोच आठवडा आमच्या रसाचा. रात्री गोठण आणि दिवसा ऊन असं चालू झालं की मेपलच्या झाडांना रस सुटतो, आणि आमचं गुऱ्हाळ पेटतं. ॲल्व्हाच्या आज्यापासून पेटतंय. ॲल्व्हा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून पाक मी काढते. रस गोळा करायला मर्टन असतो, लाकडं फोडायला मर्टन असतो, पण काहिलीजवळ उभी राहते ती मी. मी सहावीत शाळा सोडली, कारण घरात आठ धाकटी होती. मला आलं ते एवढंच. पण हे मला या अख्ख्या खोऱ्यात कुणापेक्षाही जास्त येतं.

चुलाणावर दोन काहिली. मागची मोठी, तिच्यात टाकीतून कच्चा रस उतरतो, पाण्यासारखा नितळ. तो आटत आटत पुढच्या काहिलीत सरकतो, तिथे त्याला रंग चढतो आणि पाक होतो. फेस वर आला की लोण्याचा एवढासा खडा टाकायचा, फेस बसतो. वरून रस येत राहिला तोवर सगळं ठीक. तो थांबला तर पुढची काहील कोरडी पडायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि खालचं चुलाण काही फुंकर मारून विझत नाही.

टाकीच्या नळाला एक तोटी आहे. सालपटं अडकली की ती बंद करून जाळी साफ करावी लागते. त्यासाठी ॲल्व्हाच्या बापाने नियम घालून दिला होता. ज्याने तोटी बंद केली, त्याने आपल्या डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर अडकवायची. मार्च महिन्यात उघड्या डोक्याने कुणी फार वेळ राहू शकत नाही. कान गार पडले की तोटी आठवते. मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या वर्षी सासऱ्यांनी मला लाल लोकरीची टोपी दिली ती त्यासाठीच. ती विरली की मी तशीच दुसरी विणते. लाल टोपी या घरात फक्त माझी.

यंदा ते शनिवारी आले. टेकडीच्या पायथ्याशी गाडी चिखलात रुतली, चाकं अर्ध्यापर्यंत. मर्टनने ट्रॅक्टर लावून ओढून काढली. वर आल्यावर तो मला म्हणाला, "वहिनी, तुमची सून माझ्या ट्रॅक्टरला सॉरी म्हणाली. चाळीस वर्षांत त्याच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. आता तो माझं ऐकणार नाही."

जेवायला बसलो तेव्हा रॉयसने विषय काढला. गेल्या शरदात मी चहाची किटली चुलीवर ठेवून कोंबड्यांकडे गेले होते आणि मागची भिंत काळी झाली होती. मर्टनने ते त्याला कळवलं होतं. त्याबद्दल मी मर्टनशी तीन आठवडे बोलले नव्हते.

"आई," रॉयस म्हणाला, "यंदा चुलाण पेटव. मी नाही म्हणत नाही. पण एक जरी गोष्ट चुकली तर हे शेवटचं. पुढच्या मार्चला तू आमच्याकडे. खोली तयार आहे."

"तयार आहे? रंग कुठला दिलाय?"

"आई, मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. मला पिवळा रंग सोसत नाही."

ट्रीना हळूच म्हणाली, "सॉरी, मॅम. मी त्याला म्हटलं होतं, आल्या आल्या नको बोलूस."

म्हणजे चौदा तासांच्या वाटेत दोघांनी माझं सगळं ठरवून टाकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या टेबलावरच्या रुमालाची घडी घालत होती. हिचंच काम, मी मनात म्हटलं. मुलगा माझा साधा आहे, त्याच्या डोक्यात हे हिनेच भरवलं.

मंगळवारी भलतीच ऊब पडली. मेब्री कोट टाकून नुसत्या सदऱ्यात बर्फावरून घसरत होती, ट्रीना तिच्याबरोबर होती. मर्टन वरच्या रानात रस गोळा करत होता. मी गुऱ्हाळात एकटी होते आणि रस असा धो धो येत होता की काय सांगू. तेवढ्यात जाळीत सालपटं अडकली. मी तोटी बंद केली, टोपी काढून अडकवली, जाळी काढून झटकली, परत बसवली. तोटीकडे हात नेणार, तेवढ्यात रॉयस आत आला.

"आई, पाक मोजायची काचेची नळी कुठाय? नेहमीच्या जागी नाही."

"घरात असेल."

"मी घरात बघितलं. हरवलीस ना?"

"मी काही हरवत नसते."

"काही बिघडत नाही, आई. माणूस विसरतो. तेच तर मी म्हणतोय." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. घोड्याला थोपटतात तसं. मग तो मर्टनच्या मदतीला रानात निघून गेला.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी विसरते? मी? मी तशीच तरातरा घराकडे निघाले. बाहेर ऊन असं होतं की डोक्यावर टोपी नाही हे कानांना कळलंच नाही. स्वयंपाकघरात मी चार खण उपसले. नळी पिठाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेली सापडली, मीच जपून ठेवलेली. मी ती हातात धरून खुर्चीवर बसले. मला फार बरं वाटलं. आता त्याच्या नाकासमोर ही धरीन आणि विचारीन, कोण विसरतं रे? काय काय बोलायचं ते मी मनात घोळवत बसले. किती वेळ बसले ते मला आजही सांगता येणार नाही.

मग वास आला. साखर जळल्याचा वास साठ वर्षं ओळखीचा आहे, तरी माझ्या मनात आलं, कुणाचं तरी करपलंय.

मी पोचले तेव्हा गुऱ्हाळाच्या दारातून काळा धूर येत होता आणि आत ट्रीना होती. बादलीने बर्फ आणून पुढच्या काहिलीत ओतत होती. पत्रा तडतडत होता, वाफेने काही दिसत नव्हतं. ती खोकत होती, पण थांबत नव्हती. बाहेर धावायची, बादली भरायची, आत यायची. तिला हे कुणी शिकवलं होतं? मी शिकवलं नव्हतं. बघून शिकली असेल. अजून दोन मिनिटं गेली असती तर वाशांनी पेट घेतला असता आणि अख्खं गुऱ्हाळ खाली आलं असतं.

मी डोक्याला हात लावला. केस. मग तोटीकडे बघितलं. तोटी बंदच होती, पण तिच्यावर टोपी नव्हती. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला असा आनंद झाला. टोपी नाही, म्हणजे मी बंद केलीच नाही. दुसऱ्याच कुणी तरी केली.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. रॉयस आणि मर्टन धावत आत शिरले. काहिलीचा तळ काळा ठिक्कर पडून मधोमध वर फुगला होता, एका कोपऱ्याचा सांधा वितळून सुटला होता.

"कोण होतं इथे?" रॉयस ओरडला. "तोटी कुणी बंद केली?"

ट्रीनाच्या हातात बादली तशीच होती. चेहरा काजळीने भरलेला. ती म्हणाली, "सॉरी. सॉरी, रॉयस. मीच… माझ्याकडून झालं."

"तू? तू कशाला हात लावलास? आणि बंद करून गेलीस कुठे?"

"मेब्रीकडे. सॉरी."

"इतकी वर्षं येतेयस तू इथे! एवढं साधं कळत नाही?" तो बायकोवर असा ओरडलेला मी कधी ऐकला नव्हता. मेब्री दारात उभी होती, भिजलेल्या पायमोज्यांनी. तिने ते सगळं ऐकलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काहील माझी, गुऱ्हाळ माझं. मी काय म्हणते याची वाट बघत होते सगळे. माझ्या एका हातात काचेची नळी होती.

मी म्हटलं, "जाऊ दे, रॉयस. मी तिला माफ केलं. तिला काय कळणार यातलं."

हे मी म्हटलं. माझ्या या तोंडाने.

मर्टनने मान डोलावली. "वहिनींचं मन मोठं," तो म्हणाला. असं तो मला आयुष्यात कधी म्हणाला नव्हता.

बुधवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे घालायला निघाले. कोठारातल्या खुंटीवरचा कोट अंगात घातला, खिशात हात घातला, आणि हाताला लोकर लागली. बाहेर काढली तर माझी लाल टोपी. चौकोनी घडी केलेली. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

मी तिथेच कोठारात बसले. कोंबड्या पायाशी येऊन ओरडायला लागल्या तरी मला उठवेना. म्हणजे धूर बघून ती आत धावली, तिला तोटीवर टोपी दिसली, आणि तिला कळलं. बर्फ ओतायच्या आधी की नंतर, देव जाणे, पण त्या गडबडीत तिने टोपी काढून लपवली. मी दारात येऊन तोटीकडे बघून मनात खूश होत होते, तेव्हा माझी टोपी तिच्या खिशात होती. आणि मी तिला माफ केलं.

मला लगेच जाऊन सांगता आलं असतं. रॉयस घरात कॉफी पीत होता, वीस पावलांवर. मी उठले, दारापर्यंत गेले, आणि मला ती खोली दिसली. त्यांच्या घरातली. खिडकीतून समोरच्या घराची गाडी ठेवायची जागा दिसते. मी दोनदा राहिलेय तिथे, माहीत आहे मला. मी टोपी डोक्यावर ओढली आणि कोंबड्यांकडे परत गेले.

त्या दिवशी ट्रीना सकाळपासून काहील घासत बसली. कुणी सांगितलं नव्हतं. गुऱ्हाळाच्या मागे उन्हात, व्हिनेगर आणि वाळू घेऊन. जळलेला पाक म्हणजे काच असते, निघता निघत नाही. दुपारी मी तिथे गेले. जायचं नव्हतं, पाय गेले. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"हातमोजे घाल," मी म्हटलं.

"घातले होते, मॅम. त्यांनी नीट घासलं जात नाही. सॉरी."

मी लाकडाच्या ओंडक्यावर बसले. बोलायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "जास्त घासू नकोस, पत्रा झिजेल."

"हो, मॅम." ती घासत राहिली. मग काहिलीकडेच बघत म्हणाली, "आमच्या आजीची रताळ्यांची शेती होती. एकदा तिच्याकडून स्टोव्ह चालू राहिला. फार काही झालं नव्हतं, पडदा जळला. आईने तिला आमच्या घरी आणलं."

मी ओंडक्याची साल नखाने सोलत राहिले.

"तिला आमच्याकडे कामच नव्हतं. ती दिवसभर दारांच्या मुठी पुसायची. एका दाराची झाली की दुसऱ्या दाराची. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मी मेब्रीएवढी होते. मला वाटायचं, आजी खेळतेय. मीही तिच्या मागे फडकं घेऊन फिरायची." तिने नवी वाळू घेतली. "सॉरी. उगाच बडबडतेय मी."

"मग?"

"मग काही नाही, मॅम. दुसऱ्या हिवाळ्यात गेली."

मी तिथून उठले. मला वाटत होतं त्या खोलीचा बेत हिचा आहे. रॉयसला वाटेभर हीच 'नको' म्हणत आली होती, आणि मी तिच्या घड्या मोजत बसले होते. घरात आल्यावर मी ॲपल पाय केला. गुरुवारी परत केला. मोठा तुकडा तिला वाढला. तिने सॉरी म्हटलं, तुम्हाला उरला नाही म्हणून. आणि तरीही दर तासाला मी तिच्यावरच खेकसत होते, दार लावून घे, चमचा तिथे ठेवू नकोस, एवढी हळू चालतेस काय. आपण ज्याचं वाईट केलं त्याचं तोंड समोर नको होतं, एवढंच ते. रॉयस तिच्याशी कामापुरतं बोलत होता. जेवताना तो मला विचारायचा, "आई, तू ठीक आहेस ना? फार मनाला लावून घेऊ नकोस." आणि माझं ताट माझ्याकडे ओढून द्यायचा.

गुरुवारी दुपारी मर्टनने आपल्या कोठारातून जुनी काहील आणली, गंजलेली पण धड. टाकीतला अर्धा रस उबेने आंबून गेला होता, तो ओतून द्यावा लागला. मोसमातला सगळ्यात गोड रस. शुक्रवारी आम्ही थोडा पाक काढला. मी काहिलीजवळ उभी होते, पण दर दोन मिनिटांनी तोटीकडे बघत होते, चोरासारखी.

शुक्रवारी संध्याकाळी मेब्री माझ्या शेजारी बसून डोनटच्या पिठात हात घालत होती. दहा वर्षांची पोर, मन लावून काम करते. मध्येच म्हणाली, "आजी, आई मठ्ठ आहे का?"

"कोण म्हणालं असं?"

"कुणी नाही. पण तिने एवढी मोठी चूक केली. आणि तू तिला माफ केलंस. मर्टन काका म्हणाले, बाकी कुणी असतं तर हाकलून दिलं असतं."

"तुझी आई मठ्ठ नाही."

"मग तिने टोपी का नाही अडकवली? तो नियम मलासुद्धा माहीत आहे. तूच शिकवलास."

मी पीठ मळत राहिले. इतकं मळलं की डोनट दगडासारखे झाले.

शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस. दरवर्षीप्रमाणे बर्फावरचा पाक. कोठाराच्या उत्तरेला सावलीत अजून स्वच्छ बर्फ होता, तो परातींत भरून गुऱ्हाळाच्या दारात आणला. गरम पाक बर्फावर ओतला की त्याची चिवट तार होते, ती काट्याला गुंडाळून खायची. फार गोड लागलं की मध्ये व्हिनेगरमधली आंबट काकडी चावायची आणि पुन्हा खायचं. मर्टन एकटा अर्धी बरणी काकड्या संपवतो.

सगळे गोल उभे राहिलो. ट्रीना जरा लांब, दाराच्या चौकटीपाशी. बोटांना पट्ट्या बांधलेल्या, त्यामुळे काटा नीट धरता येत नव्हता.

मर्टन काकडी चावत म्हणाला, "सूनबाई, तिथे का उभी? ये इकडे. फक्त तोटीपासून लांब राहा म्हणजे झालं."

रॉयस हसला. नाइलाजाने, पण हसला. आणि मग माझी नात कमरेवर हात ठेवून आईला म्हणाली, "आई, तुला काय कळणार यातलं. तू हात लावू नकोस हं."

तो आवाज माझा होता. शब्द माझे, मान तशीच तिरकी, ओठ तसेच आवळलेले. चार दिवसांत पोरीने नेमकं तेच उचललं होतं.

ट्रीना म्हणाली, "सॉरी, बेटा."

मी परात खाली ठेवली. चुलाणाजवळ गेले, तोटी बंद केली, डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर अडकवली. सगळे बघत राहिले.

"मंगळवारी ही टोपी इथे होती," मी म्हटलं.

रॉयसला कळेना. "कुणाची?"

"डोळे आहेत ना तुला? लाल टोपी या घरात किती जणांकडे आहे?"

मर्टन काकडी हातात धरून उभा होता. मग तो माझ्या बाजूने पुढे आला, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि तोटी उघडली. "आधी ही उघडतो, वहिनी," तो हळू म्हणाला. "माझ्याकडे तिसरी काहील नाही."

"मी बंद केली," मी म्हटलं. "तू मला विसरभोळी म्हणालास म्हणून नळी आणायला गेले, आणि तिथे बसून तुला काय काय ऐकवायचं ते ठरवत राहिले. धूर ट्रीनाने बघितला. बर्फ तिने ओतला. टोपी तिने काढून लपवली, तुला दिसू नये म्हणून. बुधवारपासून मला माहीत आहे."

रॉयसचा चेहरा असा झाला की मला बघवेना. तो माझ्याकडे बघत होता, मग बायकोकडे, तिच्या बोटांकडे. "आई, तू चार दिवस गप्प बसलीस?"

"हो. चार दिवस."

"आणि मी हिला सगळ्यांसमोर…"

"ते तुझं तू बघ. माझ्यामागे लपू नकोस." मी टोपी पिळत होते, ओली नव्हती तरी. "तुझा शब्द मला पाठ आहे. एक जरी गोष्ट चुकली तर. चुकली. पुढच्या मार्चचं तुला जे ठरवायचं ते ठरव, मी आडवी येणार नाही. पण आज नको. आज मला हिच्याशी बोलायचंय."

ट्रीना चौकटीला धरून उभी होती. डोळे भरलेले. मला माहीत होतं आता काय येणार, आणि आलंच. "सॉरी, मॅम. मी असं करायला नको होतं. मला वाटलं…"

"गप्प," मी म्हटलं. मेब्री दचकली. मी तिला हाताला धरून जवळ घेतलं, तिनेही ऐकायला हवं होतं. "ट्रीना, नीट ऐक. मंगळवारी मी तुला सगळ्यांसमोर माफ केलं. ते मी परत घेते, सगळ्यांसमोर. माफ करण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. काहील जळाली ती माझ्या हातून. तशी ती कुणाच्याही हातून जळते, त्याचं मला एवढं नाही. पण तू माझं ओझं उचललंस आणि मी ते तुझ्या डोक्यावर नीट बसवून दिलं, वर तुला माफ केलं. इतकं हलकं काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. आता इथे माझ्या शेजारी बस, काटा धरवत नसेल तर हाताने खा, आणि दिवस मावळेपर्यंत तुझ्या तोंडून तो शब्द मला ऐकू येता कामा नये. आज तो माझा आहे."